जोखीम आमच्या दारात, हिशोब दिल्लीत

हवामान बदलाचा धोका कुठे किती, कुणाला कर्ज द्यावं, कुठल्या भागात गुंतवणूक जपून करावी, याचे हिशोब आता जगभर मांडले जात आहेत. असाच हिशोब मांडणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या दिल्ली कार्यालयात मी इंटर्नशिप केली. सोबतची मुलं हुशार होती, मनापासून काम करणारी होती. पण टँकर येणार म्हणून कॉलेज बुडवून ड्रमांजवळ थांबलेलं त्यांच्यात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. माझं ठाम मत आहे की, जिथे धोका आहे तिथल्या तरुणांना या कामात घेतल्याशिवाय हा हिशोब खरा होणार नाही.

काम नेमकं काय असतं ते सांगते. संकट किती मोठं, त्याच्या वाटेत कोण आणि काय, आणि ते सोसण्याची ताकद किती, या तीन गोष्टींवरून जोखीम ठरते. पहिल्या गोष्टीसाठी हवामान खात्याची पावसाची आकडेवारी वापरतात. ती साधारण पंचवीस किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनांत मिळते. एवढ्या चौकोनात चिकलठाणा, अर्धंअधिक छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचं औरंगाबाद) शहर आणि शेंद्रा सहज बसतात, आणि सगळ्यांच्या वाट्याला एकच आकडा येतो. आमच्याकडे मात्र करमाडला नाले भरून वाहतात आणि चिकलठाण्यात रस्ताही धड भिजत नाही, असे दिवस दर पावसाळ्यात येतात. म्हणून तर आपलं सरकार अतिवृष्टी महसूल मंडळावरून ठरवतं. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की पंचनाम्याची चाके हलतात. तलाठ्याला ठाऊक असलेला हा फरक दिल्लीच्या नकाशात पुसला जातो.

कारखान्यांचंही तसंच. माझे बाबा चिकलठाणा एमआयडीसीत पावडर कोटिंगच्या एका छोट्या युनिटमध्ये सुपरवायझर आहेत. पत्र्याचा सुटा भाग रंगाला जाण्याआधी सात टाक्यांतून फिरतो. तेल काढायचं, गंज काढायचा, फॉस्फेटिंग करायचं आणि मधेमधे स्वच्छ पाण्यात धुवायचं. धुण्याच्या टाकीतलं पाणी वेळेवर बदललं नाही, तर पावडर पत्र्याला नीट धरत नाही आणि माल रिजेक्ट होऊन परत येतो. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा या तिन्ही वसाहतींची तहान नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर भागते. २०१६ च्या उन्हाळ्यात जायकवाडी मृतसाठ्यावर आलं. त्या एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत आणि इतर उद्योगांच्या पाण्यातही कपात करायला सांगितलं. माणसांना आधी पाणी, हे योग्यच होतं. पण त्या दिवसांत जॉबवर्क करणाऱ्या युनिटांत टँकर आला नाही की लाइन बंद पडायची आणि रोजंदारीवरच्या पोरांची हजेरी बुडायची.

दिल्लीत माझ्यासमोरच्या एक्सेल शीटमध्ये मोठ्या कंपन्यांच्या ओळी होत्या. स्वतःची साठवण किती, पाण्याचा पुनर्वापर किती, विमा किती, सगळं भरलेलं. कारण बाजारमूल्यात पहिल्या एक हजारात असलेल्या सूचीबद्ध कंपन्यांना सेबीच्या नियमानुसार दरवर्षी पर्यावरणाचा अहवाल द्यावा लागतो. त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या युनिटांसाठी त्या शीटमध्ये ओळच नव्हती. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये हवामान-जोखीम जाहीर करण्याच्या नियमांचा मसुदा काढला, त्यातही जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका नाहीत. शेतकरी पीककर्जासाठी ज्या दारात जातो, तिथली जोखीम मोजायचीच कुणी?

हे प्रश्न त्या खोलीत विचारायला आमच्याकडची मुलं का नसतात, याचं उत्तर पैशात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात इंटर्नला मानधन मिळत नाही. २०१५ मध्ये जिनिव्हात त्यांच्याकडे काम करणारा एक तरुण तंबूत राहत असल्याची बातमी जगभर गाजली होती. जागतिक बँक इंटर्नना पैसे देते, म्हणजे देता येतात. मला मिळणाऱ्या पैशांत दिल्लीतलं भाडंसुद्धा भागत नव्हतं. बाबांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं म्हणून मी गेले. ज्यांच्या घरी तेही शक्य नाही, त्यांनी अर्जच करायचा नाही का?

उपग्रह आणि संगणकी प्रारूपं असताना स्थानिक पोरं कशाला, असं कुणी म्हणेल. प्रारूपं हवीतच, मी ती शिकले याचा मला आनंद आहे. पण गावात जाऊन हिशोब मांडता येतो, हे महाराष्ट्राने दाखवलं आहे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाला, म्हणजे लोकांच्या बोलीतल्या पोकराला, जागतिक बँकेने २०१८ मध्ये ४२ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. पाच हजारांहून अधिक गावं त्यात होती आणि गावनिहाय पाण्याचा ताळेबंद हा त्याचा पाया होता. हे कर्ज आहे, ते आपल्यालाच फेडायचं आहे. मग त्यासाठी लागणारी मोजणीही आपल्या मुलांना यायला नको का?

माझ्या मागण्या साध्या आहेत. आंतरराष्ट्रीय संस्थांनी इंटर्नला राहण्या-जेवण्यापुरतं मानधन द्यावं आणि निम्मा काळ जिल्ह्यात काम करायला लावावं. राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत हे काम घ्यावं. दरमहा सहा ते दहा हजारांचं विद्यावेतन त्या योजनेत आहेच. तलाठी कार्यालय, जिल्हा बँक आणि एमआयडीसीच्या पाणीपुरवठा कार्यालयात पदवीधर बसवावेत. टँकरच्या फेऱ्या, पाण्यावाचून बंद राहिलेल्या पाळ्या, खरवडून गेलेली जमीन यांची नोंद मंडळनिहाय व्हावी. प्रशिक्षणासाठी वाल्मीसारखी जल व भूमी व्यवस्थापनाची संस्था कांचनवाडीत आहे आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ त्याचे क्रेडिट देऊ शकतं.

जायकवाडीने २०१६ ला तळ गाठला, त्याच खोऱ्यात २०२५ च्या सप्टेंबरमध्ये पुराने उभी पिकं मातीसकट नेली. बाकूच्या हवामान परिषदेत २०३५ पर्यंत विकसनशील देशांसाठी वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभे करायचं ठरलं आहे. त्यातला पैसा मागायचा तर मागणाऱ्याच्या हातात स्वतःची नोंद हवी. येत्या जूनमध्ये पहिला पाऊस पडेल, तेव्हा मराठवाड्याच्या प्रत्येक महसूल मंडळात ती नोंद ठेवणारा एक पगारी तरुण किंवा तरुणी असावी. सरकारने मनावर घेतलं तर एवढं सहज होण्यासारखं आहे.