तारुण्याचा बाजार आणि पुराव्याची जबाबदारी

मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी शरीराच्या वाढीचे संप्रेरक निर्माण करते. उतारवयात त्याचे प्रमाण घटते, हा निसर्गक्रम आहे. परंतु वार्धक्याला एकदा ‘कमतरता’ हे नाव दिले की तिच्यावर औषध विकता येते. या ग्रंथीला संप्रेरक सोडण्यास उद्युक्त करणाऱ्या पेप्टाइडांचा अमेरिकेतील व्यापार अशाच नामांतरावर उभा आहे.

या द्रव्यांमागील विज्ञान खोटे नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. ग्रंथीला आज्ञा देणारे नैसर्गिक पेप्टाइड १९८२ साली हाती लागले. याच कामी येणारे, भूक वाढविणारे घ्रेलिन १९९९ साली जपानी संशोधकांनी शोधले. टेसामोरेलिन या औषधाला २०१० साली अमेरिकेत मान्यता मिळाली, ती एचआयव्हीबाधितांच्या पोटात साठणारी चरबी कमी करण्यासाठी. रोग निश्चित, उपयोग मर्यादित आणि पुरावा तपासलेला, असा हा व्यवहार होता.

निरोगी माणसाला तारुण्य विकण्याचा व्यवहार निराळा आहे. इबुटामोरेन हे स्वतः पेप्टाइड नव्हे, परंतु त्याच मार्गाने काम करणारी ती गोळी आहे. साठी ओलांडलेल्या ६५ निरोगी स्त्रीपुरुषांवर झालेल्या तिच्या दोन वर्षांच्या चाचणीचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. शरीरातील चरबीविरहित वस्तुमान वाढले. बळ मात्र वाढले नाही, आणि रक्तातील साखर चढली. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांवरील दुसरी चाचणी तर काही रुग्णांत हृदयविकाराची लक्षणे दिसल्याने मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. वाढीला चालना देणारे द्रव्य शरीरात दडलेल्या कर्करोगालाही चालना देईल काय, ही शंका दीर्घकालीन अभ्यासावाचून फिटणारी नाही.

असे अभ्यास करावयाचे कोणी? त्यांना वर्षे लागतात आणि पैसा लागतो. ‘केवळ संशोधनासाठी’ अशी चिठ्ठी चिकटवून कुपी विकणारा व्यापारी हा सारा खर्च वाचवितो. चिठ्ठीचा अर्थ विक्रेता जाणतो, ग्राहकही जाणतो; कायद्यापुरते दोघेही अजाण राहतात. इपामोरेलिन आणि सीजेसी-१२९५ यांच्या सुरक्षिततेविषयी अमेरिकी औषध प्रशासनाने २०२३ साली गंभीर शंका नोंदविली. तोवर अनेकांनी ती टोचून घेतली होती.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर येथे नफा खाजगी राहतो आणि चाचणीचा खर्च ग्राहकाच्या देहावर पडतो. शिवाय या विखुरलेल्या प्रयोगांची नोंद कोणी ठेवीत नसल्याने त्यांतून समाजाच्या पदरी ज्ञानही पडत नाही. प्रौढ माणसाने स्वतःच्या जबाबदारीवर काय घ्यावे हे त्यानेच ठरवावे, असा युक्तिवाद केला जातो. परंतु निवडीचे स्वातंत्र्य माहितीवाचून पोकळ असते, आणि येथे तर माहिती निर्माण करण्याचीच टाळाटाळ आहे. औषध निर्धोक आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी विकणाऱ्याची, हा नियम अनेक बळी पडल्यानंतर घडला आहे. एका चिठ्ठीच्या आडोशाने तो मोडू देता कामा नये.