छत्तीसपैकी किती?

'फिंगरनेल्स' (२०२३) बघून तुम्ही हसला असाल. प्रेमाची तपासणी करायला दोघांचं एकेक नख उपटून यंत्रात टाकायचं. निकाल शून्य, पन्नास किंवा शंभर टक्के. पन्नास म्हणजे प्रेम एकाचंच, पण कोणाचं ते यंत्र सांगत नाही. असं कुठे असतं का?

असतं, आणि आपल्याच घरात असतं. अमेरिकेत वाढलेल्या लेकीसाठी स्थळ बघताना तुम्ही दोघांच्या जन्मवेळा ॲपमध्ये भरता. वर्णाचा १ गुण, नाडीचे ८, सगळे मिळून ३६. अठराच्या खाली आले की स्थळ बाद, मुलाशी एक शब्दही न बोलता. सिनेमातल्या यंत्राला निदान जिवंत माणसाचं नख तरी लागतं. आपल्याला जन्मवेळचा चंद्र पुरतो.

"नुसतं बघून ठेवतो हो," हे मला सांगू नका. गुण हवे असतात ते जबाबदारी टाळायला. संसार मोडला तर दोष ग्रहांचा.

'ब्लॅक मिरर'मधला 'हँग द डीजे' (२०१७) हा भाग जरूर बघा. एका जोडप्याची हजार वेळा आभासी परीक्षा होते. त्यात ९९८ वेळा दोघं व्यवस्था झुगारून एकमेकांना निवडतात, म्हणून ती ९९.८ टक्के जुळतात. तिथे गुण मिळतात ते बंडाला.

उद्या लेक म्हणाली, "पत्रिका राहू दे, मला हाच हवा," तर आकडेमोड करू नका. तिने परीक्षा दिली आहे. त्या मुलाला जेवायला बोलवा.