आधी एक्स-रे, मग पिल्ले

लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्डची पिल्ले घेताना लोक रंग बघतात, वंशावळीचे कागद बघतात. आईबापांच्या खुब्याचा एक्स-रे कोणी मागत नाही. खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष बराचसा आनुवंशिक असतो आणि उड्या मारणाऱ्या तरुण कुत्र्यातही तो लपलेला असू शकतो. गुंगी देऊन, उताणे निजवून, मागचे पाय सरळ ताणून एक्स-रे काढला की खोबणीत नीट न बसलेला गोळा स्पष्ट दिसतो. अमेरिकेत खुबा निर्दोष असल्याचा कायम दाखला कुत्रा दोन वर्षांचा झाल्यावरच मिळतो. आपल्याकडे केंद्राच्या २०१७च्या श्वान पैदास नियमांत पैदाशीपूर्वी पशुवैद्यकाचा दाखला आवश्यक आहे; पण वरवरच्या तपासणीत हा दोष सापडणार कसा? पैदासकाराची नोंदणी करतानाच राज्य प्राणी कल्याण मंडळाने अशा जातींसाठी खुब्याचा एक्स-रे सक्तीचा करावा.