अंगठी हरवली तर?

परवा नातू सुट्टीला फर्दापूरला आला होता. लॅपटॉपवर 'ओल्ड स्कूल रूनस्केप' खेळता खेळता एकदम ओरडला, "आजोबा, मोहिमेतली वस्तू गेली!" पिशवीत जागा नाही म्हणून गड्याने आधी स्वतःच टाकून दिली होती. आता रडारड होणार असं मला वाटलं. पण ज्या पात्राने ती दिली होती त्याच्याशी दोन शब्द बोलून त्याने ती पुन्हा मिळवली. फुकट! मित्राला विकता येते का विचारलं तर म्हणाला, "छे, ती ज्याची त्यालाच."

मला हा नियम पटला. शाकुंतलाची गोष्ट आठवा. शचीतीर्थात पडलेली अंगठी कोळ्याला माशाच्या पोटात सापडली. बिचारा विकायला गेला आणि शिपायांनी धरला. त्याच्या लेखी ते सोनं, शकुंतलेच्या लेखी ओळख. खुणेची वस्तू हरवली तर मिळण्याची वाट हवी, नाहीतर पुढची गोष्टच खुंटते. आणि तिला बाजार नको.

मात्र सगळ्याच वस्तूंना असं कुलूप नको. याच रूनस्केपमध्ये खेळातलं धन खऱ्या पैशांना विकणारे फार झाले, म्हणून २००७-०८ च्या सुमारास कंपनीने असमान देवघेवीवर बंधन घातलं. दलालांबरोबर मित्राला भेट देणारेही अडकले. शेवटी खेळाडूंचं मत घेऊन फेब्रुवारी २०११ मध्ये मोकळी देवघेव परत आणावी लागली. साध्या वस्तू द्याव्यात, घ्याव्यात, हराव्यातही. पूर्वी तिथे मेलं की साधारणपणे सर्वांत मौल्यवान तीन वस्तू आपल्याकडे राहत, बाकीच्या जमिनीवर. तीन तरी राहत! १९९९ च्या 'एव्हरक्वेस्ट'मध्ये तर सगळं सामान प्रेतापाशीच राही, तिथवर परत जाऊन आणावं लागे.

आमच्या गोट्यांना तीनाचीही सवलत नव्हती. साठच्या दशकात सराईजवळ आम्ही 'जिंकली ती आपली' असं खेळायचो. एकदा मी एका मित्राची नेम धरायची मोठी निळी गोटी जिंकली. थोरल्या भावाने गाव सोडताना त्याला ती दिली होती. बदल्यात वीस देतो म्हणाला. मी दिली नाही. दुसऱ्या दिवसापासून तो खेळायला आला नाही.

नातवाला हे सांगितलं. म्हणाला, "परत का नाही दिलीत?"

"नियमच तसा होता रे."

"पण नियम केला कुणी होता?"

"आम्हीच."

गोटी अजून कपाटात आहे.