शब्दविचार : ‘ग्लूमिली’ आणि ‘सलनली’

इंग्रजी उताऱ्यांत ‘ग्लूमिली’ हें क्रियाविशेषण आलें कीं विद्यार्थी ‘उदासपणें’ असें लिहून मोकळा होतो. आणि ‘सलनली’ आलें तरी त्याची लेखणी त्याच शब्दावर जाऊन थांबते. बदलापूर गांवांतील मुलांच्या वह्या पाहतांना हा प्रकार वारंवार आढळतो. वस्तुतः या दोन शब्दांत मोठें अंतर आहे.

‘ग्लूम’ या शब्दांत अंधार व खिन्नता असे दोन्ही अर्थ नांदतात. आषाढांत उल्हास नदीवर दाटलेलें आभाळही ‘ग्लूमी’ आणि चिंतेनें काळवंडलेला चेहराही ‘ग्लूमी’. २७ जुलै २०१९ रोजीं महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पुरांत अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. त्यावर निबंध लिहितांना ‘प्रवासी पाण्याकडे ग्लूमिली पाहात होते’ असें वाक्य घातल्यास शोभेल. कारण तेथें चिंता आहे, पण कोणावर रुसवा नाहीं. ‘सलन’ या शब्दाचें मूळ मात्र ‘सोलस’, म्हणजे ‘एकटा’, या लॅटिन शब्दांत आहे. त्यांत अबोला आहे, आंत कोंडलेला राग आहे.

आपल्याकडील दाखला घ्यावयाचा तर कुरुक्षेत्रावर धनुष्य टाकून रथांत बसला तो अर्जुन ‘ग्लूमिली’ बसला. क्रोधागारांत जमिनीवर पडून राहिली ती कैकेयी ‘सलनली’. ‘उदासीन’ हा संस्कृत शब्द दोघांसही लागू पडत नाहीं. उद् आणि आस् मिळून त्याचा अर्थ ‘अलिप्तपणें वर बसलेला’ असा होतो, आणि गीतेच्या बाराव्या अध्यायांत तें भक्ताचें लक्षण म्हणून आलें आहे.

मराठींत अशा ठिकाणीं क्रियाविशेषणाचा हट्ट धरूं नये. ऊनप्रत्ययान्त रूपें अधिक स्वाभाविक वाटतात. ‘ग्लूमिली’ असेल तेथें ‘तोंड पाडून’ किंवा ‘खिन्न होऊन’ लिहावें; ‘सलनली’ असेल तेथें ‘फुरंगटून’ किंवा ‘घुम्यासारखा’.

हा भेद परीक्षेपुरताच उपयोगी आहे असें नाहीं. भरल्या पंक्तींत एखादें मूल मान खालीं घालून ‘नको’ म्हणतें. तें नुसतें खिन्न असेल, तर आजीनें पाठीवरून हात फिरविला म्हणजे बहुधा पुरतें. तें फुरंगटलें असेल, तर त्याचें कांहीं म्हणणें आहे, आणि तें कोणीतरी बसून ऐकावयास हवें. नव्या सुनेच्या मौनासही हाच न्याय. ‘जरा उदास आहे, होईल बरी’ असें म्हणून आपण तिची तक्रार न ऐकतांच निकालांत काढतों. दहा माणसांच्या घरांतही एखादें माणूस एकटें पडूं शकतें. वडीलधाऱ्यांनीं योग्य शब्द योजण्यापूर्वीं त्या माणसाच्या मुद्रेकडे नीट पाहिलें पाहिजे.