गाळ कोण तपासणार?

नदीवर कविता लिहिणारे लई झाले. नदीच्या बुडाच्या गाळावर कोण लिहीत नाही. मी गोदीत काम करतो, मॅट्रिकच्या पुढं शाळा पाहिली नाही, तेव्हा गाळ हा माझ्याच खात्यातला विषय. बोटीला खोली पायजे, खोलीसाठी गाळ उपसला पायजे, आणि उपसलेला गाळ कुठंतरी टाकला पायजे. अमेरिकेत नेवार्कच्या बंदरात हे 'कुठंतरी' १९९०च्या सुमारास असं पेटलं की गाळ काढायचं कामच अडून बसलं. समुद्रात गाळ फेकायची त्यांची जुनी जागा १९९७ साली बंद झाली. भांडणाच्या मुळाशी होतं डायॉक्सिन.

हे डायॉक्सिन आभाळातून पडलं नाही. बंदराच्या वर पसेइक नदी आहे, तिच्या काठी लिस्टर अॅव्हेन्यूवर डायमंड अल्कली कंपनीचा कारखाना. १९५१ ते १९६९ कंपनीनं तो चालवला. तिथं तणनाशकं बनायची, आणि व्हिएतनामच्या जंगलावर, भातशेतीवर ओतलेल्या एजंट ऑरेंजचा मालही तिथलाच. तो माल बनवताना डायॉक्सिन आपोआप तयार होतं. सगळ्यात जहरी जात, २,३,७,८-टीसीडीडी. १९६४ साली डॉक्टरांनी त्या कारखान्यातले २९ कामगार तपासून छापलं: कामगारांच्या कातडीवर फोड, लिव्हर बिघडलेलं. म्हणजे कामगाराच्या अंगावर रिपोर्ट आधीच उठला होता. तरी कारखाना पुढं पाच वर्षं चालला, आणि सरकारला हे डायॉक्सिन 'सापडलं' १९८३ साली! मग आणीबाणी, मग १९८४ साली देशातल्या सगळ्यात घाण जागांच्या यादीत नाव. खेकडे पकडायला बंदी. नदीकाठच्या आयर्नबाउंड वस्तीत पोर्तुगालहून, ब्राझीलहून, लॅटिन अमेरिकेतून पोटासाठी आलेली माणसं राहतात. गळ टाकून फुकट मिळणारा मासा त्यांच्या ताटातून गेला. नदी नासवली कुणी, आणि पाट्या वाचायच्या कुणी!

आता तपासणीचं बघा. खरी मेख तिथं आहे.

डायॉक्सिन पाण्यात राहत नाही. ते बारीक चिखलाला चिकटतं, वाळूला फारसं धरत नाही. म्हणून नमुना कुठून उचलला यावर निकाल ठरतो. वाळूतून उचला, नदी साफ. वरच्या चार बोटांचा थर घ्या, नदी बरीच साफ. खोल नळी ठोकून चिखलाचा उभा दांडा काढा, मग बोलते ती. अणुबॉम्बच्या चाचण्यांतून पडलेलं सीझियम त्याच गाळात बसलेलं असतं. ते सर्वात जास्त जिथं सापडतं तो थर १९६३च्या आसपासचा. त्यावरून कुठल्या थरात कुठल्या वर्षांची घाण आहे ते मोजता येतं. तलाठ्याच्या दप्तरापेक्षा हे दप्तर सरळ, कारण ह्यात खाडाखोड करता येत नाही. खोटेपणा होतो तो नंतर, सरासरी काढताना. दहा नमुने जहराचे, नव्वद बिनजहराचे, भागाकार केला की सगळं ठीक. आमच्या मजुरीची सरासरी काढणारे हेच लोक.

दुसरी गोष्ट, पैसा. डायॉक्सिन आणि फ्युरान मिळून २१० जाती. त्यातल्या १७ आणि पीसीबीच्या १२ खऱ्या घातकी. लाख कोटी भागांत एक भाग, एवढं बारीक मोजावं लागतं. त्यासाठी मोठी यंत्रं, बराच वेळ, भरमसाट खर्च. तेव्हा तपासणी कोण करणार? ज्याच्याकडं पैसा तो. २००७ साली सत्तरेक कंपन्यांनी सरकारशी करार करून खालच्या १७ मैलांचा अभ्यास स्वतःकडं घेतला. आरोपीच पंचनामा करायला बसले. (पुढच्या दशकात ह्याच गटानं एक योजना काढली: तुम्ही नदीतला विषारी मासा पकडून द्या, आम्ही तुम्हाला पाळून वाढवलेला तिलापिया देतो. हसू नका, खरं आहे.)

हॉलंडात ह्याला एक तोड निघाली. उंदराच्या लिव्हरमधल्या कॅन्सरच्या पेशी घेऊन त्यात काजव्याचा जीन घालतात. गाळातून काढलेला अर्क त्या पेशींवर टाकला आणि डायॉक्सिनसारखं काही असलं, तर पेशी उजळतात. जहर जास्त तर उजेड जास्त. आधी अर्क गंधकाच्या आम्लातून काढतात, म्हणजे भलतीच घाण जळून जाते आणि पेशी फसत नाहीत. हे स्वस्त आहे, लवकर होतं, बंदराच्या गाळावर त्यांनी ते वापरलं. तज्ज्ञ नाक मुरडतात, की ह्यात जहर कुठल्या जातीचं ते कळत नाही. बरोबर आहे. कोर्टात कंपनीची कॉलर धरायला महागडंच यंत्र लागतं, कारण लिस्टर अॅव्हेन्यूच्या जहराची ओळख त्या जातींच्या प्रमाणातच पटते. पण 'कुठं आहे' हे आधी, 'कुणाचं आहे' हे नंतर. शंभर ठिकाणी स्वस्त तपासा, जिथं उजेड पडेल तिथं महाग तपासा. महाग यंत्र नाही म्हणून काहीच न तपासणं, याला विज्ञान म्हणायचं नाही.

पसेइकच्या खालच्या ८.३ मैलांचा निर्णय झाला २०१६ साली: ३५ लाख घन यार्ड गाळ काढायचा, खर्च १३८ कोटी डॉलर. १९८३ ते २०१६, मोजा.

आपल्याकडं? भारतानं डायॉक्सिनसारख्या टिकाऊ विषांवरचा स्टॉकहोम करार २००६ साली मान्य केला. तांब्यासाठी प्लॅस्टिकच्या वायरी उघड्यावर जाळल्या की डायॉक्सिन होतं, आणि जाळणारी माणसं कुठल्या वस्तीतली ते तुम्हाला माहीत आहे. राख पावसात नाल्यात, नाला खाडीत. गोदीत गाळ निघतो तेव्हा गुडघ्यापर्यंत आम्ही असतो. त्यात काय आहे, हे आजवर मला कोणी सांगितलेलं नाही. मी विचारलं तर मुकादम म्हणाला, चिखल आहे, दुसरं काय.

म्हणून मागणी साधी ठेवूया. नमुना उचलायची जागा काठावरच्या माणसांना विचारून ठरवा. नळी खोल ठोका. प्रत्येक नमुन्याच्या दोन बाटल्या भरा, दोन्हींना सील लावा. एक तुमच्या प्रयोगशाळेला. दुसरी आमच्या युनियनच्या कपाटात राहील, चावी आमच्याकडं.