'एफआर' या दोन अक्षरांत धूर मोजलेला नाही

रायपूरच्या राजधानी रुग्णालयात १७ एप्रिल २०२१ रोजी आग लागली. अतिदक्षता विभागातील पंख्यात शॉर्ट सर्किट झाल्याचे सांगण्यात आले. पोलिसांच्या सुरुवातीच्या माहितीनुसार पाच कोविड रुग्ण दगावले : एक भाजून, चार गुदमरून. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बालके गेली. तीन भाजून, सात धुराने. ज्वाळेपेक्षा धुराने अधिक बळी घेतले. तरीही आपल्याकडची चर्चा ठिणगी कुठे पडली, याच प्रश्नापाशी थांबते.

रुग्णालयात जळण्याजोगे पुष्कळ असते : गाद्या, पडदे, नळ्या. मात्र छतातून आणि भिंतींतून प्रत्येक खोलीत पोहोचलेली वस्तू म्हणजे वायर. तिच्या आवरणाचे प्रमाणक केवळ रसायनशास्त्र ठरवत नाही. समाजाला कशाची भीती वाटते, तेही ठरवते.

अमेरिकेत अग्निचाचण्यांची परंपरा विमा कंपन्यांच्या पाठबळाने उभी राहिली. 'अंडररायटर्स लॅबोरेटरीज'ची स्थापना १८९४ ची. तेथील कार्यालयांत फॉल्स सिलिंगवरच्या पोकळीतूनच वातानुकूलनाची हवा परत फिरते, म्हणून त्या पोकळीतल्या केबलवरून आग धावू नये, ही पहिली चिंता. २५ फुटी बोगद्यात केबल जाळून ज्वाळेची धाव आणि धुराची घनता मोजतात. धुराची आम्लता मात्र त्या चाचणीत नाही. त्यामुळे फ्लोरिनयुक्त आवरण तिथे सन्मानाने उत्तीर्ण होते. युरोपचा कल वेगळा. भुयारी रेल्वे आणि युद्धनौकांत पळायला जागा नसते. हॅलोजनमुक्त केबलची मागणी तेथून वाढली. १ जुलै २०१७ पासून युरोपीय संघात इमारतींच्या केबलना अग्निवर्ग सक्तीचा आहे आणि धूर, जळते थेंब व आम्लता यांच्या वेगळ्या श्रेणी आहेत. कोणत्या इमारतीला कोणता वर्ग हवा, हे मात्र प्रत्येक देश आपापले ठरवतो.

आणि भारत? शुद्ध पीव्हीसीच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असते. ते जळले की हायड्रोजन क्लोराईड निघतो आणि डोळ्यांच्या, घशाच्या ओलाव्यात त्याचे आम्ल होते. प्राण बहुधा कार्बन मोनॉक्साईड घेतो. पण डोळे मिटलेला माणूस त्याच्या तावडीत अधिक काळ सापडतो. आयएस ६९४ : २०१० मध्ये 'एफआर' ही ज्वालारोधाची श्रेणी आहे. धूर आणि आम्लवायू यांची मर्यादा येते ती 'एफआर-एलएसएच' श्रेणीत, तीही वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत. हॅलोजनमुक्त म्हणवण्यासाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर रूढ असलेली मर्यादा ०.५ टक्के. चाळीसपट फरक! ग्राहकाला मात्र 'एफआर' म्हणजे 'आगीपासून निर्धास्त' असेच वाटते.

यावर एक ठरलेले उत्तर मिळते : आपली घरे हवेशीर, आपली संस्कृती निराळी, युरोपचे निकष इथे कशाला? चौकाच्या वाड्याला आणि ओसरीच्या घराला ते शोभलेही असते. काचा बंद, एसी सुरू, दाराशी एकच जिना, अशा अतिदक्षता विभागाला ते कसे शोभावे? तिथला रुग्ण तर पलंगावरून उठूही शकत नाही. संस्कृतीचा हा दाखला बहुतेकदा स्वस्त वायरीची वकिली करतो.

वेगळेपण खरे असेल तर ते प्रमाणकात उतरते. वायरीची विद्युतवहनक्षमता ठरवताना आंतरराष्ट्रीय कोष्टके हवेचे तापमान ३० अंश धरतात. भारतीय प्रमाणक ४० धरते, कारण आपला उन्हाळा तसा आहे. रायपुरात तर पारा ४५ च्याही पुढे जातो. उन्हाची दखल घेणाऱ्या समितीला धुराची दखल घेणे अशक्य होते, असे कोणी म्हणू शकेल काय? आयएस १७०४८ : २०१८ हे हॅलोजनमुक्त, ज्वालारोधक केबलचे भारतीय प्रमाणक तयार आहे. तिच्या आवरणातले ॲल्युमिनियम हायड्रॉक्साईड तापले की पाणी सोडते आणि ज्वाळेची उष्णता शोषते. ही वायर महाग पडते, हे मान्य. पण रायपूर असो वा भंडारा, रुग्णालयाच्या निविदेत 'आयएस १७०४८' लिहायला आणि प्रत्येक गुंडाळीवर आम्लवायूचा आकडा छापायला नव्या संशोधनाची गरज नाही. निविदा लिहिणाऱ्याने तेवढी एक ओळ बदलायची आहे.